मुलाची साक्ष आणि वकिलाचें शिक्षण

साक्षी म्हणजे साक्षात् पाहणारा, अशी या शब्दाची व्युत्पत्ति पाणिनीनें दिली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत मात्र साक्षीस अपात्र ठरविलेल्यांत बालकाचीहि गणना आहे; दुसरा साक्षीदार नसल्यास त्याचें ऐकावें, एवढी सवड पुढें ठेविली आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें निराळी कसोटी लाविली. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देतां आलें, कीं मूल साक्षीस पात्र झालें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांतहि हेंच तत्त्व कायम आहे.

तेव्हां साक्षीचें अर्धें यश प्रश्न विचारणाऱ्याच्या हातीं आलें. अत्याचार सोसलेलें मूल हकीकत क्रमवार सांगेलच असें नाहीं. खोलींतला वास त्यास आठवतो, तारीख-वार आठवत नाहीं. मध्येंच तें गप्प होतें, क्वचित् हंसतेंहि. अजाण वकील यास लबाडी समजतो. वस्तुतः तें भयाचें चिन्ह असूं शकतें. प्रश्न विचारण्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून सांगतों : दरडावून विचारलें, कीं मूल खरें सांगत नाहीं, आपणांस हवें तें सांगतें.

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयींच्या २०१२ च्या कायद्याचें ३३ वें कलम हें जाणतें. वकिलानें प्रश्न न्यायाधीशांस सांगावा, त्यांनीं तो मुलास विचारावा; मधून मधून विसांवा द्यावा; दरडावणी होऊं देऊं नये. परंतु कलम वाचून कोणास मुलाशीं बोलतां येत नाहीं. महाराष्ट्रांतून गेलेल्या एका अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ११ जानेवारी २०२२ रोजीं प्रत्येक जिल्हा न्यायालयांत अशा साक्षीदारांसाठीं स्वतंत्र केंद्र असावें असें फर्माविलें, आणि न्यायमूर्ति गीता मित्तल यांच्या समितीकडे न्यायाधीश व वकील यांच्याहि शिक्षणाचें काम सोंपविलें, तें याचसाठीं.

आमच्या इन्सुलीच्या मुलास जिल्हा न्यायालय म्हणजे ओरोस. तेथें पोंचण्याआधीं घरांतच त्याची उलटतपासणी होते : प्रथम आई विचारते, मग आत्या, मग शेजारीण. त्यांचे शब्द मुलाच्या आठवणींत मिसळतात, आणि प्रतिपक्षाचा वकील नेमके तेच पकडतो. गृहस्थांनीं एकदांच, शांतपणें ऐकावें. शब्द मुलाच्या तोंडीं घालूं नयेत. आणि पोलिसांस कळवावें. मुलाचा जबाब त्याच्या घरीं, गणवेश न घालतां घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. ४० व्या कलमान्वयें कुटुंबास आपला वकीलहि देतां येतो. तो निवडतांना, मुलांशीं कसें बोलावें याचें शिक्षण त्यानें घेतलें आहे काय, हें वाचकांनीं निःसंकोच विचारावें.