'आय विल ट्राय' हे उत्तर नव्हे

'थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी' हे वाक्य आमच्या मुलांना पाठ असते. गाडी अडते ती पुढच्या वाक्यावर. जायचे नसेल तरी मुले लिहितात, 'आय विल ट्राय, इन्शाअल्लाह.' व्याकरण बरोबर आहे, खोट इराद्यात आहे. आणि हे मुलांनी इंग्रजीच्या पुस्तकातून उचललेले नाही, आपल्याकडूनच उचलले आहे.

इंग्रजीतला नकार तसा साधा असतो. आधी आभार, मग स्पष्ट नाही, एका ओळीत कारण, शेवटी शुभेच्छा. नुसते 'आय कान्ट कम' रुक्ष वाटते, म्हणून 'आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट मेक इट' म्हणतात. इथे 'अफ्रेड' म्हणजे भीती नव्हे, दिलगिरी. पत्रिकेवरचे 'आरएसव्हीपी' हे फ्रेंच शब्दांचे लघुरूप आहे, अर्थ 'कृपया उत्तर द्या'. होकारच द्या, असे त्यात कुठेही नाही. आपणही हौसेने ते छापतो. उत्तर किती जण देतात?

काही जण म्हणतील, सर, हे साहेबी चोचले. आपल्यात तोंडावर नाही म्हणणे बेअदबी. मग अदब कशाला म्हणायचे? यजमानाने तुमच्या शब्दावर वलीम्याची देग चढवायची, उसनवारी करून बावर्चीचे पैसे भागवायचे, आणि रात्री उरलेली बिर्याणी कुठे वाटायची म्हणून फिरायचे, याला?

दावत कबूल करणे हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. उज्र असेल तर तो वेळेवर सांगणे हा त्याच हक्काचा भाग आहे, असे मी मानतो. सूरह कहफच्या २३-२४ या आयतींत 'उद्या मी हे करीन' असे म्हणताना अल्लाहची मर्जी जोडायला सांगितले आहे. म्हणजे करण्याचा इरादा आधी हवा. आपण मात्र इन्शाअल्लाहला नकार झाकायचा पडदा करून टाकले. बेअदबी ती ही!

तेव्हा शिक्षकांनो, पालकांनो, मुलाने आदराने 'सॉरी, आय कान्ट' लिहिले तर त्याला उद्धट ठरवू नका. जायचे असेल तरच इन्शाअल्लाह म्हणायला शिकवा. जायचे नसेल तर आजच कळवा, देग चढण्याआधी.