सकाळी मूठ वळेना

माझी आत्या सौसरला दिलेली. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून सौसर त्यातच. घरात मराठी, कचेरीत हिंदी. आपल्या मराठी-कानडी घरांसारखाच दुभाषी संसार. गेल्या वर्षी पोळ्याला तिच्याकडे गेलो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणून पोरे उत्साहात. आत्या मात्र हात चोळत बसलेली.

"अरे, दहा वाजेपर्यंत मूठ वळत नाही. भाकरी थापू कशी?"

वर्षभर ती फोनवर हेच सांगत होती आणि मी म्हणत होतो, "वय झालं, आमच्या सासूबाईंचंही तसंच." सासूबाईंची 'मंडी नोवु', म्हणजे गुडघेदुखी, झिजेची. ती चालल्यावर वाढते, बसल्यावर थांबते. आत्याचे उलटे होते. विश्रांतीनंतर सांधे आखडत आणि कामाला लागल्यावर हळूहळू सुटत. दोन्ही मनगटे, दोन्ही हातांच्या बोटांची मुळे आणि मधली पेरे सुजलेली. नखांजवळची पेरे मात्र ठीक. शिवाय थकवा, बारीक कणकण, वजनात घट.

नागपूरच्या संधिवाततज्ज्ञांनी निदान केले : रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने अधिक, आणि तरुणपणीही होतो. डोळे, फुप्फुसे यांनाही तो सोडत नाही. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासतात. पण ते नसले तरी आजार असू शकतो, म्हणून हातांची तपासणी महत्त्वाची.

आत्याला मेथोट्रेक्सेट सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही. अधूनमधून रक्ततपासणी लागते आणि गुण यायला दीड-दोन महिने जातात. तोवर धीर धरावा, पण कोणी दिलेल्या निनावी पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड असले तर दुखणे झाकते, आतली झीज चालूच राहते.

आज आत्या भाकऱ्या थापते. उजव्या हाताची दोन बोटे मात्र वाकडी झाली, ती वाकडीच राहिली. ते वर्ष माझ्या 'वय झालं'मुळे गेले.

तुमच्या घरी कोणाची सकाळी तासभर मूठ वळत नसेल, दोन्ही हात सुजत असतील आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर वयाला दोष देऊ नका. डॉक्टरांना हात दाखवा.