खोकल्याचे औषध आणि न दिसणारा द्रावक

मुलाच्या खोकल्यासाठी औषधांच्या दुकानात विचारला जाणारा प्रश्न बहुधा ‘यातले सुरक्षित सिरप कोणते?’ असा असतो. या प्रश्नात एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली असते : सिरप गुणकारी आहेच, निवड काय ती निर्धोक बाटलीची करायची. पण औषधाची सुरक्षितता हा त्याचा निरपेक्ष गुण नव्हे. ती लाभाच्या तुलनेत ठरते. कर्करोगावरील औषधाचे तीव्र दुष्परिणाम आपण पत्करतो, कारण दुसऱ्या पारड्यात जीव असतो. पाच वर्षांखालील मुलाच्या साध्या खोकल्यात दुसऱ्या पारड्यात काय असते, हे आधी पाहायला हवे.

लहान मुलांचा खोकला बहुतांशी विषाणूजन्य असतो. दाहामुळे श्वसनमार्गातील स्राव वाढतो आणि त्याने मुलाची अरुंद श्वासनलिका तुंबू नये म्हणून शरीर तो प्रतिक्षिप्त क्रियेने बाहेर लोटते. ही क्रिया दाबून टाकणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे. असा खोकला सुमारे नव्वद टक्के मुलांत २५ दिवसांत आपोआप थांबतो. पालकांचा धीर मात्र त्याच्या कितीतरी आधी सुटतो. औषध सुरू होते ते खोकला शिगेला पोहोचल्यावर, म्हणजे तो उतरणीला लागण्याच्या सुमारास, आणि उताराचे श्रेय बाटलीला मिळते. शिवाय क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या अँटिहिस्टामाइनमुळे गुंगी येते. मूल झोपले की त्याला आराम पडला असे वाटते. त्याच्या जोडीला अनेक सिरपांत असणारे फिनाइलएफ्रिन तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असा एकमुखी निष्कर्ष अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये काढला. आणि तो प्रौढांच्या मात्रेबाबत होता. लाभाचे पारडे असे जवळजवळ रिकामे आहे.

आता धोक्याचे पारडे. त्यातला पहिला थर औषधाचा स्वतःचा आहे. मात्रा वजनावर ठरते, पण घरात ती हाताशी येईल त्या चमच्याने मोजली जाते. आणि वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्यांत एकच घटक असू शकतो, हे ध्यानात येत नाही. हा थर निदान दिसणारा आहे : लेबल वाचून, मापाचे टोपण वापरून, डॉक्टरांना विचारून तो कमी करता येतो.

दुसरा थर दिसत नाही. सिरपमधील औषध विरघळवण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन यांसारखे द्रावक वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन दिसायला त्यांच्यासारखेच पारदर्शक, चवीला तसेच गोड आणि किमतीने स्वस्त असते. यकृतातील विकरे त्याचे रूपांतर डायग्लायकॉलिक आम्लात करतात. हे आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठते, त्या पेशी मरतात आणि लघवी बंद होते. सुरुवातीची लक्षणे उलटी आणि पोटदुखी यांसारखी, म्हणजे ज्या आजारासाठी औषध दिले त्याचाच भाग वाटावीत अशी असतात. संशय विषाणूवर किंवा पाण्यावर जातो, बाटलीवर जात नाही. आणि संशय येईपर्यंत डोस चालू राहतात.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात हेच घडले. तेथील अनेक आजारी मुलांना उपचारासाठी नागपुरात आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या नमुन्यात तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हीच जोडी होती, आणि हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याची सूचना केंद्रीय नियामकाने डिसेंबर २०२३ मध्येच केली होती.

याला अपवादात्मक दुर्घटना म्हणणे कठीण आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनाने शंभरावर माणसे मेली आणि तेथील औषध कायदा बदलला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. त्यावर नेमलेल्या न्या. लेंटिन आयोगाने औषधखरेदीतील आणि नियंत्रणातील ढिलाई उघड केली. त्यानंतर १९९८ मध्ये गुरुग्राम, २०२० मध्ये जम्मूतील रामनगर, २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान. नावे बदलली, यंत्रणा तीच राहिली. द्रावकाचे पिंप मध्यस्थांच्या हातांतून येते, सोबत शुद्धतेचे प्रमाणपत्र येते, आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या तपासणीची जागा तो कागद घेतो. छिंदवाड्यानंतर केलेल्या पाहणीत काही उत्पादक कच्च्या मालाचा प्रत्येक लॉट तपासत नसल्याचे केंद्रीय नियामकानेच नोंदवले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतात बनणारी बहुसंख्य सिरपे दूषित नसतात, आणि एखाद्या विशिष्ट बाटलीत विष असण्याची शक्यता अल्पच असते. पण ही शक्यता पालकाच्या दक्षतेने कमी होत नाही. ती लेबलवर, रंगात वा किमतीत उमटत नाही, आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही दिसत नाही. जिथे लाभ भरीव असतो तिथे असा अल्प धोका पत्करणे शहाणपणाचे ठरते. म्हणूनच न्यूमोनियावरील प्रतिजैविक किंवा दम्याचा इनहेलर भीतीपोटी नाकारणे ही उलट्या दिशेची, तितकीच गंभीर चूक होईल. जिथे लाभच शून्याच्या जवळ आहे, तिथे मात्र कितीही अल्प धोका समर्थनीय ठरत नाही. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीलही सामान्यतः टाळावीत, या ऑक्टोबर २०२५ मधील केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या सल्ल्यामागचा तर्क हाच आहे.

घरगुती उपायांनाही हीच फूटपट्टी लावावी लागेल. एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध दिल्यास रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो. वर्षाखालील बाळाला मात्र मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. बाळाच्या नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरून तिथे दाह निर्माण करते, आणि धुरीने आधीच सुजलेला श्वसनमार्ग आणखी चिडतो. ‘नैसर्गिक’ हे उगमाचे वर्णन आहे, परिणामाचे नव्हे. उरतात ते साधे उपाय : पुरेसे दूध-पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि निरीक्षण. श्वासांची गती मिनिटाला दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

दुर्घटनेनंतर एका नावावर बंदी येते, पालक दुसऱ्या नावाकडे वळतात आणि मागणी जशीच्या तशी राहते. या मागणीवरच तपासणी टाळणारी पुरवठासाखळी तगते. दुकानातला प्रश्न जोवर ‘कोणते सिरप?’ हाच राहील, तोवर पुढची घटना वेगळ्या गावात, वेगळ्या लेबलखाली, याच क्रमाने घडण्याची शक्यता टिकून राहील.