यंत्राचा शब्द आणि माणसाची जबाबदारी

प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केला. असे आदेश न्यायालयात रद्द होणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. नवल होते ते त्या आदेशातील आधारांचे. एका कंपनीविरुद्ध निर्णय देताना ज्या तीन निवाड्यांचा दाखला देण्यात आला होता, ते तिन्ही निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते! कृत्रिम बुद्धिमत्तेने पुरविलेली उत्तरे डोळे झाकून स्वीकारू नयेत, ती वापरण्यापूर्वी पडताळून पाहावीत, असे न्यायालयाने त्या प्रसंगी बजावले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२३ साली, न्यूयॉर्कमधील वकिलांनी असेच काल्पनिक निवाडे न्यायालयापुढे ठेवले होते आणि त्यापायी त्यांना ५,००० डॉलरचा दंड भरावा लागला होता. मुंबई काय किंवा न्यूयॉर्क काय, रोग एकच आहे.

या प्रकारांना आळशीपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तसे करणे म्हणजे प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचे टाळणे होय. यंत्राने जे रचले त्याला सत्याचे सर्व बाह्य उपचार होते. पक्षकारांची नावे, साल, पृष्ठांक, न्यायालयीन भाषेचा डौल, सारे काही यथास्थित होते. नव्हते ते फक्त सत्य! माणूस चाचरत, अडखळत, नजर चुकवीत खोटे बोलला, तर ऐकणारा सावध होतो. यंत्र अडखळत नाही. खरे सांगताना त्याचा जो स्वर असतो, तोच खोटे सांगतानाही असतो. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण ज्याला जीभही नाही आणि टाळाही नाही अशा यंत्राला इतकी तंतोतंत लागू पडावी, हा काळाचा विनोदच म्हटला पाहिजे.

माणसाने यंत्रावर विश्वास किती टाकावा, कोणत्या कामात टाकावा आणि तो अस्थानी ठरला तर भरपाई कोणी करावी, हा आता शास्त्रीय संशोधनाचा विषय झाला आहे. लंडनच्या किंग्ज आणि इंपीरियल या दोन महाविद्यालयांनी ‘सुरक्षित आणि विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता’ एवढ्याच विषयावर पीएच.डी.चे विद्यार्थी घडविणारे संयुक्त केंद्र २०१९ मध्ये सुरू केले. आपल्याकडे या विषयाचे नाव काढले की सुशिक्षितांच्याही कपाळावर आठ्या पडतात. ‘विश्वासावर कसली आली पीएच.डी.?’ असा प्रश्न येतो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढ्याचसाठी हा अग्रलेख आहे.

ही जिज्ञासा आजकालची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली जी नायिका पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त मराठीत आणली, तिचेच हे नाव. हा कार्यक्रम मानसोपचार करणाऱ्या डॉक्टराचे सोंग घेई. समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नाच्या रूपाने त्याच्यापुढे टाकायचे, एवढीच त्याची विद्या! परंतु तो कसा घडला हे जिने प्रत्यक्ष पाहिले होते, ती वाइझेनबाउम यांची चिटणीससुद्धा यंत्राशी बोलताना त्यांना म्हणाली की, आपण जरा खोलीबाहेर जाल का? यंत्राच्या कर्त्यालाच या प्रसंगाने अस्वस्थ केले. कोणती कामे यंत्राच्या हवाली करूच नयेत, या प्रश्नावर त्यांनी १९७६ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. यंत्राला समज नसली तरी माणूस त्याला ती बहाल करतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढच्या संशोधकांनी या धड्याला शास्त्राचे रूप दिले. राजा परशुरामन आणि व्हिक्टर रायली यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, स्वयंचलित यंत्रांबाबत माणूस दोन्ही टोकांना चुकतो. नको तेथे विसंबतो आणि हवे तेथे नाकारतो. जॉन ली आणि कॅटरिना सी यांनी २००४ मध्ये याच विचाराला पुढे नेले. विश्वास वाढविणे हे ध्येयच नव्हे. यंत्राची कुवत जेवढी, तेवढाच विश्वास माणसाने त्यावर टाकावा अशी यंत्राची रचना करणे हे ध्येय होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यंत्रे विकणाऱ्यांच्या जाहिराती आणि या विद्वानांचे निष्कर्ष यांतील अंतर येथेच स्पष्ट होते. विक्रेत्याला विश्वास हवा असतो; समाजाला विश्वासाची पात्रता हवी असते.

माणसाचा विवेक ऐनवेळी त्याला तारील, अशी कोणाची समजूत असेल तर अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेचा २०१६ मधला एक प्रयोग त्यांनी अवश्य लक्षात घ्यावा. त्यात २६ माणसांना एका इमारतीत यंत्रमानवाच्या मागोमाग जाण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांनी तोच यंत्रमानव थोड्या वेळापूर्वी वाट चुकताना डोळ्यांनी पाहिला होता. मग धूर सोडून आगीचा देखावा करण्यात आला. त्या धुरात २६ च्या २६ माणसे त्याच यंत्रमानवाच्या मागे गेली! दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. यंत्राच्या बाबतीत मात्र तोंड भाजले तरी तो पुन्हा तोच पेला उचलतो.

येथवर हा मानसशास्त्राचा प्रश्न झाला. त्याला न्यायाची बाजू जोडली की त्याचे गांभीर्य कळते. ब्रिटनच्या टपाल खात्यात ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक-यंत्रणा होती. ती कृत्रिम बुद्धिमत्ताही नव्हती, साधी जमाखर्चाची यंत्रणा होती. तिने तूट दाखविली आणि १९९९ ते २०१५ या काळात टपाल कार्यालये चालविणाऱ्या ९०० हून अधिक निरपराध माणसांना अपहार, चोरी आणि खोटे हिशेब यांबद्दल दोषी ठरविण्यात आले. कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले, काही तुरुंगात गेले. संगणक बरोबरच चालतो, असे तेथील कायद्याचे गृहीतक होते. तो चुकला हे सिद्ध करण्याचे ओझे त्या बिचाऱ्यांच्या माथी होते. अखेरीस मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा सरसकट पुसून टाकाव्या लागल्या. माणसाच्या शपथेपेक्षा यंत्राच्या आकड्याला अधिक मान दिला, की ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ठरलेलीच!

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उबर कंपनीच्या चालकरहित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. खटला भरला गेला तो मोटारीत देखरेखीसाठी बसविलेल्या नोकरदार बाईवर. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. त्या बाईचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे खरेच. परंतु तासन् तास काही करू नकोस, आणि एखाद्या क्षणी सारे काही कर, अशी कामगिरी ज्याने आखली, त्याच्या रचनेचा दोष कोणी मोजावयाचा? देखरेखीला माणूस बसविला म्हणजे यंत्र सुरक्षित झाले, ही समजूत भाबडी आहे. पुष्कळदा तो माणूस यंत्राचा रखवालदार नसतो. आघात झेलण्यासाठी पुढे बांधलेली ती एक उशी असते.

जबाबदारी झटकण्याचा कळस केला तो एअर कॅनडा या विमान कंपनीने. आजीच्या निधनानंतर प्रवास करू पाहणाऱ्या एका गृहस्थाला नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या बोलक्या यंत्रणेने तिकिटाच्या सवलतीसंबंधी चुकीची माहिती दिली. त्याने परतावा मागितला तेव्हा कंपनीने जो बचाव केला तो ऐकून हसावे की रडावे हेच कळू नये. ती यंत्रणा ही स्वतंत्र व्यक्तीसारखी आहे आणि आपल्या कृत्यांना तीच जबाबदार आहे! ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आणि भरपाई देवविली. रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व मोठे होते. दुकानाच्या गल्ल्यावर बसविलेला गुमास्ता हाडामासाचा असो की लोखंडाचा, त्याच्या शब्दाला दुकानदार बांधलेला असलाच पाहिजे.

हे सारे परदेशचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याला आम्ही एवढेच विचारू, की या यंत्रांनी आता मराठी बोलावयास आरंभ केला आहे, याचा पत्ता आपल्याला आहे काय? महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले असून त्याच्या पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला मिळावा, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु शहरातल्या वकिलाला खोटा निवाडा मिळाला तर तो ग्रंथालयात जाऊन पडताळू शकतो. फवारणीचे प्रमाण चुकीचे मिळालेला शेतकरी ते कोठे पडताळणार? त्याचे ग्रंथालय म्हणजे त्याचे शेत, आणि तेथील पडताळणी एक अख्खा हंगाम घेते.

त्यातून मराठीचे म्हणून काही खास प्रश्न आहेत आणि इंग्रजीतील संशोधनाला ते दिसणारही नाहीत. इंग्रजी यंत्र ‘मी’ म्हणते तेव्हा ते पुरुष की स्त्री, हे ठरविण्याची त्याला गरज पडत नाही. मराठीत ‘मी तपासतो’ म्हणावे की ‘मी तपासते’, याचा निर्णय केल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. म्हणजे क्रियापदाच्या एका मात्रेसरशी निर्जीव यंत्राला देह आणि व्यक्तित्व प्राप्त होते! ते वाचकाला ‘तू’ म्हणणार, ‘तुम्ही’ म्हणणार की ‘आपण’? ‘मला वाटते’ असे ते म्हणाले, तर त्याला काय वाटते? वडीलधाऱ्याच्या आदरयुक्त स्वरात बोलणाऱ्या यंत्रावर गावातील माणूस अधिक भरवसा टाकील काय? ‘माहिती तपासून पाहावी’ अशी एकच कोरडी, कर्मणी वळणाची सूचना तळाशी बारीक अक्षरांत छापल्याने कोणाचे काही भले होते काय? या प्रश्नांची उत्तरे लंडनहून येणार नाहीत. ती येथेच शोधावी लागतील.

आणि ती चार दिवसांच्या चाचणीतूनही मिळणार नाहीत. कंपन्या मोजतात ते किती लोकांनी यंत्र वापरले आणि किती खूश झाले. खूश झालेला माणूस फसलेलाही असू शकतो, हे त्या मोजमापात उमटत नाही. विश्वास कसा जडतो, कशाने तडकतो, तडकल्यावर सांधतो की नाही, हे पाहावयाचे तर एकाच माणसांचा माग वर्ष-दोन वर्षे ठेवावा लागतो. त्याला सवड लागते, विक्रीच्या दडपणापासून मोकळीक लागते आणि अप्रिय निष्कर्ष छापण्याचे स्वातंत्र्य लागते. पीएच.डी.चे संशोधन यासाठीच असते. निदान असावयास हवे. नावापुढे ‘डॉक्टर’ लावण्यासाठी रचलेले प्रबंधांचे ढीग आपल्या विद्यापीठांत थोडे नाहीत. त्यांत आणखी भर घालावी, असे आम्ही म्हणत नाही. लोकांच्या पैशांशी, पिकांशी, औषधपाण्याशी ज्याचा थेट संबंध आहे, असा विषय समोर उभा असताना विद्यापीठांनी त्याकडे पाठ फिरवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्यासाठी काय करावे? मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून अभिकल्पाचे शिक्षण आणि संशोधन करणारे केंद्र आहे. राज्यात संगणकशास्त्राचे विभाग आहेत, मानसशास्त्राचे आहेत, भाषाशास्त्राचे आणि कायद्याचेही आहेत. त्यांच्यामधील भिंती पाडून संयुक्त मार्गदर्शनाखाली असे संशोधन उभे राहिले पाहिजे, आणि ते मराठी बोलणाऱ्या माणसांमध्ये जाऊन झाले पाहिजे. सरकारने ५०० कोटींतील लहानसा वाटा या स्वतंत्र तपासणीसाठी अलग काढावा. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक सल्लागार यंत्राच्या करारात संशोधकांना त्याच्या चुकांच्या नोंदी पाहू देण्याची अट घालावी. यंत्र बनविणाऱ्यांनी उत्तराचा आधार दाखवावा, खात्री नसेल तेथे तसे स्पष्ट म्हणावे, आपण यंत्र आहोत हे लपवू नये, आणि तक्रार ऐकणाऱ्या हाडामासाच्या माणसाचे नाव-पत्ते द्यावेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपच्या कायद्याने यंत्राच्या निष्कर्षांवर आपोआप विसंबून राहण्याच्या मानवी प्रवृत्तीचा नाव घेऊन उल्लेख केला आहे आणि धोक्याच्या यंत्रांवर देखरेख करणाऱ्यांना तिची जाणीव असली पाहिजे, असे म्हटले आहे. आपल्या २०२३ च्या कायद्याने नागरिकांच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा विचार केला. यंत्राच्या सल्ल्याने झालेल्या नुकसानीचा विचार त्यात नाही.

अशा अटींनी प्रगतीचा गळा घोटला जाईल, अशी ओरड होईल. आम्हाला ती मान्य नाही. चाचणी घेतलेल्या पुलावरूनच गाड्या बिनधास्त धावतात. उलट, दोन-चार ठिकाणी लोक पोळले की उपयुक्त यंत्रेही ते झिडकारतील आणि नुकसान दोन्हीकडून होईल. यंत्राला नाकारा, असे सांगणारे आम्ही नव्हेत. यंत्राने वाचविलेला वेळ आणि पोहोचविलेले ज्ञान यांचे मोल आम्ही जाणतो.

‘विश्वास तर पानिपतावरच मेला’, असे मराठी माणूस उपहासाने म्हणतो. त्या म्हणीत अडीचशेहून अधिक वर्षांचा सल आहे, तसा सावधपणाही आहे. त्या सावधपणाला आता शास्त्राची जोड मिळाली पाहिजे. विश्वास ही मागून घेण्याची वस्तू नव्हे आणि गोड बोलून उकळण्याची तर नव्हेच नव्हे. ज्याला यंत्राच्या शब्दावर पैसा मिळवावयाचा आहे, त्याने त्या शब्दाची जामीनकी पत्करली पाहिजे. जो जामीन राहण्यास तयार नाही, त्याच्या यंत्राला आपल्या शेतकऱ्यांच्या बांधावर आणि आपल्या न्यायासनापुढे उभे राहण्याचा अधिकार नाही.