मोलाला भिऊन विज्ञान सोडू नका



अकरावीचे वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले, की आमच्या अभ्यासिकेत एक गोष्ट ठरलेली असते. दहावीला चांगले गुण मिळवून विज्ञान शाखेला गेलेली दोन-तीन मुले पहिल्या चाचणीनंतर खालमानेने येतात आणि विचारतात, "सर, कॉमर्सला जाऊ का?" वाणिज्य शाखा वाईट नाही. आम्ही स्वतः बी. कॉम. होऊन कारकुनी करतो. पण आवडीने निवडणे वेगळे आणि भीतीने पळणे वेगळे. चौकशी केली तर भीतीचे मूळ बहुधा रसायनशास्त्रातल्या 'मोल'मध्ये निघते. म्हणून आजचा विषय आई-वडिलांनीही वाचावा.

केळी डझनाने मोजतात, कागद रिमाने. डझन म्हणजे १२, रीम म्हणजे ५००. तसाच मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, म्हणजे ६०२२ वर वीस शून्ये. अणू-रेणू इतके बारीक, की त्यांना एवढाच मोठा 'डझन' लागतो. इटलीचे शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रो यांच्या नावाने हा अंक ओळखला जातो. २०१९ साली मोलची आंतरराष्ट्रीय व्याख्याच या अंकावर पक्की करण्यात आली.

एवढे कण मोजणार कोण? एका नाण्याचे वजन माहीत असले, की थैली तोलून आतली नाणी किती ते सांगता येते. रसायनशास्त्र तेच करते. पुस्तकात अणुवस्तुमाने दिलेली असतात : हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३, कॅल्शियम ४०. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे २ अणू आणि ऑक्सिजनचा १, बेरीज १८. म्हणून १ मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम.

ग्रॅमचे मोल करायचे तर भागा, मोलचे ग्रॅम करायचे तर गुणा. ३६ ग्रॅम पाणी भागिले १८, उत्तर २ मोल. खाण्याच्या सोड्याचे रेणुवस्तुमान ८४. तर २१ ग्रॅम सोडा म्हणजे पाव मोल. हे शाळेतले त्रैराशिकच आहे.

मुले खरी अडतात ती समीकरणात. हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ मिळून पाण्याचे २, यातले आकडे मोलांचे आहेत, ग्रॅमचे नव्हेत. २ मोल हायड्रोजन म्हणजे ४ ग्रॅम, १ मोल ऑक्सिजन म्हणजे ३२ ग्रॅम, पाणी ३६ ग्रॅम. ऑक्सिजन वायूत अणू जोडीने असतात, म्हणून १६ नव्हे, ३२. गुण जातात ते इथेच.

आता पूर्ण गणित. भट्टीत २५० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली, तर कळीचा चुना किती मिळेल? चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तिचे रेणुवस्तुमान १००. २५० भागिले १००, म्हणजे २.५ मोल. १ मोल चुनखडीपासून १ मोल चुना आणि १ मोल कार्बन डायऑक्साइड होतो. चुन्याचे रेणुवस्तुमान ५६. २.५ गुणिले ५६, उत्तर १४० ग्रॅम. ताळा पाहा : कार्बन डायऑक्साइड २.५ गुणिले ४४, म्हणजे ११० ग्रॅम. १४० अधिक ११०, बरोबर २५०. जमाखर्च जुळला! वाट एकच : ग्रॅमवरून मोल, मोलवरून मोल, मोलवरून ग्रॅम.

आई-वडिलांना रसायनशास्त्र येत नसले तरी चालेल. मुलाच्या वहीवर बोट ठेवून दोनच प्रश्न विचारा : "प्रत्येक आकड्यापुढे ग्रॅम की मोल ते लिहिलेस का? ताळा जुळला का?" बी. एस्सी., इंजिनिअरिंग केलेल्या तरुणांनी रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात द्यावा. फळा आणि खडू एवढ्यावर काम भागते.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान, दोन्हींचे. विज्ञानाचे दार आपल्या मुलांसाठी त्यांनी तेव्हाच उघडून ठेवले. आणि तथागतांनी कालामांना सांगितले, की कोणी म्हणते म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. 'हे तुला जमणार नाही' हे वाक्यही आपल्या मुलांनी पडताळल्याशिवाय मानू नये.

जयभीम!