'पुढे काय?' हे कोणी विचारायचे?

आमच्या शेजारची मुलगी विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते. परवा संध्याकाळी संकोचतच आली. "काका, फेलोशिपवर बँक कर्ज देते का हो?" चार महिने तिची फेलोशिप जमा झाली नव्हती, घरभाडे थकले होते. मी म्हटले, "ज्या पगाराला तारीख नाही, त्यावर कर्ज मिळणे कठीण गं." ती हसली. मला काही हसू आले नाही.

मी बँकेत लागलो तो साधा कारकून म्हणून. पण पगाराची तारीख कधी चुकली नाही. प्रशिक्षणाला बँक स्वतःच्या खर्चाने पाठवी. सीएआयआयबीची परीक्षा दिली की वेतनवाढ मिळे. पुढची पायरी कोणती, हे ठाऊक असे. या मुलीचे शिक्षण माझ्याहून कितीतरी अधिक, पण तिच्यापुढे पायरीच नाही.

पैसा अगदीच थोडा आहे, असे नव्हे. 'नेट'मधून जेआरएफ मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मंजूर आहेत. पण फार तर पाच वर्षे. नंतर अनेकांच्या नशिबी येते ते तासिका तत्त्व: शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे आणि सुट्टीत हात रिकामे.

ब्रिटनमध्ये २००८ साली विद्यापीठे आणि निधी देणाऱ्या संस्थांनी संशोधकांच्या कारकिर्दीविषयी एक करारनामा केला. २०१९ मध्ये तो सुधारला. त्यानुसार संशोधकाला वर्षातले किमान दहा दिवस स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळायला हवेत. तिथेही मुदतीच्या नेमणुका संपलेल्या नाहीत. पण जबाबदारी कोणाची, हे निदान कागदावर आले.

आपल्याकडे एवढे तरी व्हावे. फेलोशिप ठरल्या तारखेला खात्यात पडावी. मार्गदर्शकाने वर्षातून एकदा प्रबंध बाजूला ठेवून विचारावे, "पुढे काय करणार?" प्राध्यापकी सर्वांना मिळणार नाही, हे स्पष्ट सांगावे आणि उद्योग, पेटंट, विज्ञानलेखन अशा वाटा दाखवाव्यात. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, आस्था लागते.

निघताना ती म्हणाली, "काका, घरी आईला सांगू नका हं." मी सांगितले नाही. म्हणून इथे लिहिले.