नवी डिस्क आत घेताना

दिवाळीतील वहीपूजनाला लाल बासनातल्या वह्यांशेजारी आता लॅपटॉपही मांडला जातो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. रोजकीर्द आणि खतावणी कागदावरून टॅलीत गेली. टॅलीचा साठा दुकानातल्या संगणकावरून घरातील एका छोट्या पेटीत आला. चार डिस्का बसतील अशी ही पेटी बहुधा टीव्हीमागे किंवा जिन्याखालच्या कपाटात गुरगुरत असते. पेढीचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, गोदामातील कॅमेऱ्याचे चित्रण, घरातल्या लग्नांची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण असे सारे तिच्यात एकत्र नांदते. तिला कोणी होम सर्व्हर म्हणतो, कोणी नॅस. वडीलधारी मंडळी नुसतेच ‘तो डबा’ म्हणतात.

या डब्यातील एखादी डिस्क कधीतरी जाते. बाजारातून नवी आणली जाते, खाचेत सरकवली जाते, आणि सर्व्हर तिला ओळखत नाही. किंवा ओळखतो, पण दोन तासांनी बाहेर टाकतो. मग घरात दोनच मते पुढे येतात: डिस्कच खराब निघाली, नाहीतर डबाच गेला. दोन्ही मते घाईची असतात. गोदामात आलेला माल दारातच मोजून, पारखून आत घेणारा व्यापारी नव्या डिस्कच्या बाबतीत मात्र खोक्यावरील शिक्क्यावर विसंबतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मुळात त्या वेळी धोका नव्या डिस्कला नसतो, तो उरलेल्या तीन जुन्या डिस्कांना असतो. चार डिस्कांच्या प्रचलित रचनेत, म्हणजे रेड पाचमध्ये, माहिती सर्व डिस्कांवर अशी विभागलेली असते की एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो. परंतु तो काढून होईपर्यंत दुसरी डिस्क गेली, तर साठा बुडतो. शिवाय तो काढण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. या तिघी बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खेपेतून आलेल्या. वयही सारखे, झीजही सारखी. थकलेल्या तिघींवर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे ओझे नेमके त्याच दिवशी पडते.

म्हणून पहिले काम नव्या डिस्कचे नाहीच. डबा अजून वाचता येत असेल, तर प्रथम हिशेबाचे फोल्डर वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती डिस्क डब्यापासून सोडवून ठेवावी. ‘आमच्याकडे रेड आहे, म्हणजे प्रत आहेच’ हा समज व्यापारी घरांत फार खोलवर रुजलेला आहे. रेड ही प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल चारही ठिकाणी कुलूपबंद होते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार आठ आर्थिक वर्षे. नोटीस आल्यावर ‘डिस्क गेली’ हे उत्तर कामाला येत नाही.

प्रत निघाली की मग नवी डिस्क हातात घ्यावी. ती अजिबात दिसतच नसेल, तर पहिला प्रश्न एवढाच: ती फिरते आहे का? चालू डब्यात डिस्कच्या कडेला बोट लावले तर बारीक थरथर जाणवते. थरथर नसेल, तर दोष विजेच्या जोडणीत शोधावा. तयार पेटीऐवजी जुन्या संगणकातून सर्व्हर उभा केलेल्या घरांत एक चमत्कारिक अडचण हमखास भेटते. २०१६ च्या सॅटा ३.३ या मानकाने वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेला नवे काम दिले: त्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहावे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये दुरून डिस्क बंद-चालू करण्यासाठी ही सोय होती. जुने पॉवर सप्लाय मात्र त्याच पिनेवर सतत ३.३ व्होल्ट देतात. परिणामी उद्योगांसाठी बनलेली किंवा बाह्य यूएसबी खोक्यातून काढलेली पूर्णपणे निरोगी डिस्क त्या संगणकात मेल्यासारखी पडून राहते. दुकानदार ती आपल्या टेबलावर लावतो, ती फिरते, आणि ग्राहकाला तो खोटे ठरवतो. वस्तुतः दोघेही खरे बोलत असतात. उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी, वीज पूर्ण बंद करून, डिस्कच्या त्या तिसऱ्या पिनेवर चिकटवली की काम होते. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीवरून वीज घेणारे अडॅप्टरही चालते, कारण त्यात ३.३ व्होल्टची तार नसतेच. मात्र प्लास्टिक ओतून साचेबंद केलेली स्वस्त अडॅप्टरे आत तारा एकमेकींना लागून जळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तेथे पन्नास रुपये वाचवू नयेत.

डिस्क फिरते आहे पण दिसत नाही, अशा वेळी संशयाचा क्रम डेटा केबल, मदरबोर्डवरील पोर्ट आणि मग डिस्क असा असावा. अनेक मदरबोर्डांवर एम-डॉट-टू खाचेत एसएसडी बसवली की एखाददुसरा सॅटा पोर्ट आपोआप बंद होतो. ही माहिती पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते आणि पुस्तिका कोणी उघडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलले आणि डिस्क दिसू लागली, तर दोष कोठे होता ते कळत नाही आणि तो दोष महिन्याने परत येतो.

येथे एक खबरदारी सर्वांत मोलाची आहे. या खटाटोपात चालू असलेल्या तीन डिस्कांपैकी एखादी चुकून बाहेर ओढली जाते आणि तोवर जिवंत असलेला साठा त्या क्षणी कोसळतो. लिनक्सवर डिस्कांची एसडीए, एसडीबी ही नावे प्रत्येक वेळी सुरू करताना बदलू शकतात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लेबलवर असतो. त्याची शेवटची चार अक्षरे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी खाचेच्या दर्शनी बाजूस आधीच चिकटवलेली असावी. गोदामातील थप्पीला जशी पाटी लागते तशीच ही पाटी, आणि अडचणीच्या रात्री तीच धीर देते.

डिस्क दिसू लागली की तिची प्रकृती विचारावी. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात, आणि डब्याच्या पडद्यावर किंवा स्मार्टएमॉनटूल्स या मोफत साधनाने ती वाचता येते. त्या नोंदवहीतील पुष्कळ आकडे घाबरवणारे पण निरुपद्रवी असतात. लक्ष द्यावे ते थोड्यांकडे. पाचवी नोंद म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेली सेक्टरे, १९७ वी म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाविना पडलेली सेक्टरे. नव्या डिस्कवर हे दोन्ही आकडे शून्यच हवेत. १९९ वी नोंद सीआरसी चुकांची. ती वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. म्हणून जुना आकडा लिहून ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल, तर मात्र कोणतीच चाचणी न करता ती परत करावी.

या नोंदवहीवर किती विसंबावे, याचे उत्तर गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये दिले. एक लाखाहून अधिक डिस्कांच्या त्यांच्या अभ्यासात, तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पटींनी वाढलेली आढळली. म्हणजे ‘एकच तर चूक आहे’ असे म्हणून डिस्क ठेवून घेण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार मुख्य नोंदींपैकी एकीतही आधी इशारा दिला नव्हता. वाईट आकडा खरा मानावा. चांगल्या आकड्यावर निर्धास्त होऊ नये.

आणि काही वेळा नोंदवहीच खोटी असते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील हाइझे या तंत्रविषयक प्रकाशनाने उघड केले की सीगेटच्या एक्सॉस मालिकेतील हजारो तास चाललेल्या डिस्का कोऱ्या म्हणून विकल्या जात होत्या. स्मार्टमधील चालू तासांचा आकडा कोणीतरी शून्यावर आणला होता. या डिस्का क्रिप्टो चलनाच्या खाणकामातून आल्या असाव्यात असा संशय व्यक्त झाला. आपण त्या विक्रेत्यांना पुरवल्या नव्हत्या, असे सीगेटने सांगितले. लबाडी पकडली गेली ती फार्म नावाच्या दुसऱ्या, आतल्या नोंदीमुळे. स्मार्टएमॉनटूल्सच्या ७.४ व त्यापुढील आवृत्त्या सीगेटच्या डिस्कांवरील ही नोंद वाचतात. दोन ठिकाणचे तास जुळले नाहीत, तर काय समजायचे ते रोख आणि शिल्लक जुळवणाऱ्याला सांगावे लागत नाही. पक्के बिल आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून तपासलेली हमी या दोन्ही गोष्टी खरेदीच्या दिवशीच हातात असाव्यात.

कधी डिस्क निरोगी असूनही डबा तिला नाकारतो. नवी डिस्क जुनीपेक्षा काही सेक्टरांनी जरी लहान असली तरी ती रचनेत बसत नाही. चार टेराबाइटची डिस्क पडद्यावर ३.६४ दिसते, ही मात्र फसवणूक नव्हे. निर्माता हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. काही कंपन्या आपल्या मान्य यादीबाहेरच्या डिस्कांना अटकाव करतात. सायनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत असा निर्बंध आणला आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ सोबत तो सैल केला. अशा डब्यात दोष डिस्कमध्ये नसून डब्यातील सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत असतो.

सर्वांत फसवा प्रकार मात्र वेगळाच आहे: डिस्क दिसते, आकडे स्वच्छ आहेत, पुनर्बांधणी सुरू होते, आणि मग वेग गोगलगायीचा होतो किंवा डिस्क मध्येच बाहेर पडते. याचे कारण अनेकदा डिस्कच्या लेखनपद्धतीत असते. एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर माहितीच्या पट्ट्या छपरावरील कौलांसारख्या एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. मधले एक कौल बदलायचे तर पुढची ओळ उचलावी लागते. तसेच एक पट्टी बदलण्यासाठी शेजारच्या अनेक पुन्हा लिहाव्या लागतात. छायाचित्रे एकदा भरून ठेवायला ही डिस्क उत्तम. पुनर्बांधणीच्या सततच्या लेखनात मात्र ती दम टाकते, आणि उत्तर वेळेत न आल्याने डबा तिला मृत समजतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले की खास घरगुती सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या तिच्या मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्का एसएमआर होत्या. खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. या मालिकेचे नावही योगायोगाने ‘रेड’, पण ते लाल रंगावरून. सर्व्ह द होम या संकेतस्थळाच्या चाचणीत अशा चार टेराबाइटच्या डिस्कला पुनर्बांधणीस नऊ दिवसांहून अधिक लागले; साध्या, म्हणजे सीएमआर पद्धतीच्या डिस्कांनी तेच काम एका दिवसाच्या आत केले. नऊ दिवस तीन जुन्या डिस्का विनाआधार धावत राहणे म्हणजे काय, हे वर आलेच आहे. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्का ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. खरेदीपूर्वी मॉडेलचा पूर्ण क्रमांक निर्मात्याच्या यादीत पाहून सीएमआर हा शब्द शोधावा. विक्रेत्याचे ‘सगळ्या सारख्याच’ हे उत्तर स्वीकारू नये. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त डिस्काही अशाच बाहेर पडतात, कारण एखादे सेक्टर वाचता आले नाही तर त्या बराच वेळ झगडत राहतात. सर्व्हरसाठीची डिस्क सुमारे सात सेकंदांत प्रयत्न सोडून तसे कळवते आणि पुढचे काम डबा सांभाळतो.

जेथे वेळ हाताशी असेल, तेथे नवी डिस्क रचनेत घेण्यापूर्वी निराळ्या संगणकावर स्मार्टची दीर्घ चाचणी लावावी. चार टेराबाइटला सात-आठ तास किंवा अधिक लागतात. रात्री लावून सकाळी पाहावी. बॅडब्लॉक्स हे साधन चार नमुने संपूर्ण डिस्कवर लिहून पुन्हा वाचते आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. ते डिस्क पूर्ण पुसते, म्हणून अनुक्रमांक दोनदा वाचल्याखेरीज ती आज्ञा देऊ नये. परत करण्याची मुदत विक्रेत्याकडे थोड्या दिवसांची असते. चाचणी त्या मुदतीत संपली पाहिजे.

पुनर्बांधणी पूर्ण झाल्यावर जुनी डिस्क टेबलावर उरते. ती बंद पडली असली तरी कोरी नसते. तिच्यावर ग्राहकांचे पत्ते, उधारीचे आकडे, बँकेची विवरणे पट्ट्यापट्ट्यांनी शिल्लक असतात, आणि नुसती सर्किटची पाटी बदलून ती वाचता येण्याची शक्यता असते. हमीत बदलून घ्यायची असेल तर माहितीही तिच्याबरोबर जाते; तेथे हमीची किंमत आणि माहितीची किंमत कुटुंबाने तोलावी. हमी संपलेली असेल तर ड्रिलने तबकड्यांतून दोन-तीन भोके पाडून मगच ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी, रद्दीबरोबर भंगारात घालू नये.